डिमर आणि दिवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिमरविषयी, म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या भिंतीवरच्या खुंटीविषयी, येणाऱ्या तक्रारी ऐकल्या की एक गोष्ट चटकन लक्षात येते. दहातल्या आठ वेळा डिमर बिघडलेला नसतो आणि दिवाही चांगला असतो. दोघांचं सूत जुळलेलं नसतं, एवढंच. खालच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट फिरून फिरून येईल, त्याला इलाज नाही.

डिमर नक्की करतो काय? विजेचा दाब कमी करतो का?

तसं वाटतं खरं, पण घरातला नेहमीचा डिमर दाब कमी करत नाही, तो विजेचे तुकडे पाडतो. आपल्या तारांतली वीज सतत दिशा बदलत असते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला शंभर अर्धलहरी येतात, म्हणजे एकेक अर्धलहर १० मिलिसेकंदांची. डिमर प्रत्येक अर्धलहरीतला काही वेळ वीज अडवून धरतो आणि उरलेला वेळ सोडतो. तुम्ही खुंटी फिरवता तेव्हा हा 'अडवायचा वेळ' कमीजास्त होतो.

आत ट्रायॅक नावाचा एक अर्धवाहक खटका असतो. खुंटीला जोडलेल्या रोधातून एक छोटा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) भरत जातो, त्यावरचा दाब ३० व्होल्टच्या आसपास पोचला की डायॅक नावाचा दुसरा भाग ट्रायॅकला टोचणी देतो आणि वीज सुरू होते. खुंटीने रोध वाढवला की कपॅसिटर सावकाश भरतो, टोचणी उशिरा मिळते, दिवा मंद होतो. एकदा सुरू झालेला ट्रायॅक मात्र मध्येच बंद करता येत नाही. प्रवाह शून्यावर आला की तो आपला आपण बंद होतो. हा त्याचा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे घोडं तिथेच पेंड खातं.

लीडिंग एज आणि ट्रेलिंग एज म्हणजे काय?

वर सांगितला तो लीडिंग एज: लहरीचा सुरुवातीचा भाग कापणारा. ट्रेलिंग एज डिमर उलटं करतो. लहर शून्यापासून सुरू होते तेव्हाच वीज सोडतो आणि शेवटचा भाग कापतो. त्याला मध्येच बंद होणारा खटका लागतो, म्हणून आत ट्रायॅकऐवजी मॉस्फेट किंवा आयजीबीटी असतात. साहजिकच तो महाग पडतो.

फरक दिव्याला जाणवतो. लीडिंग एजमध्ये प्रत्येक अर्धलहरीत दाब एकदम उसळी घेतो. फिलामेंटच्या बल्बला त्याचं काही वाटत नाही. एलईडी बल्बच्या आत कपॅसिटर असतो, त्याला मात्र सेकंदाला शंभर धक्के बसतात. ट्रेलिंग एजमध्ये चढ हळू असतो, म्हणून एलईडीला आणि इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला तो मानवतो. याउलट लोखंडी गाभ्याच्या जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरला लीडिंग एजच हवा. त्याचा प्रवाह मध्येच तोडला तर दाबाचे फटके उसळतात. डिमरवर आर, एल, सी अशी अक्षरं छापलेली असतात ती याचसाठी. 'आर' म्हणजे साधा रोध (फिलामेंट बल्ब), 'एल' म्हणजे वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर, 'सी' म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर.

जुन्या डिमरवर बल्ब काढून एलईडी लावले आणि ते लुकलुकायला लागले. असं का होतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

जुना डिमर फिलामेंट बल्बसाठी बनला होता. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपिअर घेतो. त्याच जागी लावलेला ७ वॅटचा एलईडी सरासरी ३० मिलिअँपिअर घेतो, आणि तोही सलग नाही, घोटाघोटाने. इकडे ट्रायॅकला सुरू राहण्यासाठी किमान काही प्रवाह वाहता असावा लागतो. त्याच्या जातीप्रमाणे हा आकडा १० ते ५० मिलिअँपिअरच्या घरात असतो. प्रवाह त्याखाली गेला की ट्रायॅक समजतो, लहर संपली, आणि मिटतो. मग पुन्हा टोचणी, पुन्हा चालू, पुन्हा बंद. हीच तुम्हाला दिसणारी लुकलुक.

म्हणूनच डिमरवर कमाल भाराबरोबर किमान भारही लिहिलेला असतो. '४० ते ४०० वॅट' असं लिहिलं असेल आणि तुम्ही सात वॅटचा एकच दिवा लावला असेल, तर डिमर आपलं काम करायला लागण्याइतकंही त्याच्या वाट्याला आलेलं नसतं.

दुसरं कारण आणखी मुळातलं. फिलामेंट तापून प्रकाश देतो, आणि तापलेली तार दोन लहरींच्या मधल्या वेळात फारशी थंड होत नाही. त्यामुळे विजेतले खाचखळगे ती गिळून टाकते. एलईडी मिलिसेकंदाच्या कितीतरी छोट्या भागात चालू-बंद होऊ शकतो. डिमरमध्ये थोडी जरी हलगर्जी झाली तरी एलईडी ती चव्हाट्यावर आणतो.

खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं नाही. लावून बघू का?

नको. मी लावून बघितला आहे. टेबलावरच्या दिव्यात साधा एलईडी होता, भिंतीवर जुना डिमर. पहिल्या दिवशी निम्म्या खुंटीपर्यंत काहीच फरक नाही, मग एकदम अंधार. एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं, पण 'पूर्णच चालू ठेवू' म्हणून तसाच राहू दिला. अठराव्या दिवशी जळकट वास आला आणि दिवा गेला. डिमर पूर्ण फिरवलेला असतानाही लहरीचा थोडा भाग कापतोच, आणि आतल्या सर्किटला ते प्रवाहाचे टोकदार धक्के रोज सोसावे लागतात.

साध्या एलईडी बल्बचं सर्किट दाब कमी झाला तरी प्रकाश तेवढाच ठेवायचा प्रयत्न करतं. तेच त्याचं काम. डिमर म्हणतो कमी कर, बल्ब म्हणतो करणार नाही.

'डिमेबल' लिहिलेलं आहे, तरी खाली आणला की थरथरतो.

'डिमेबल' याचा अर्थ 'कोणत्यातरी डिमरवर मंद होतो' एवढाच. कोणत्या, ते बल्ब बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत असतं. ही यादी कंटाळवाणी असते, पण खरेदीआधी तीच बघण्यासारखी गोष्ट आहे.

आधी डिमरवर किमान पातळी ठरवायचा स्क्रू किंवा चकती आहे का पाहा. बहुतेक नव्या डिमरवर पुढची प्लेट काढली की ती दिसते. दिवा सगळ्यात मंद करा, थरथर थांबेपर्यंत चकती वर घ्या आणि तिथे सोडून द्या. खालचे चारपाच टक्के हातचे जातील, पण त्रास संपेल. याच चकतीने दुसरी एक खोडही जाते: दिवा मंद करून बंद केला आणि पुन्हा लावला तर पेटतच नाही, खुंटी वर नेली की दचकून पेटतो.

एकाच डिमरवर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे असतील तर एक आधी पेटतो, दुसरा नंतर, तिसरा कुठेतरी मध्येच. त्याला औषध नाही, सगळे एकाच जातीचे लावा.

आणि थरथर ठरावीक वेळीच होत असेल, उदाहरणार्थ रोज रात्री एकाच सुमारास काही सेकंद, तर बाहेर बघा. काही देशांत वीजपुरवठा करणारे तारांमधूनच मीटर वगैरेंना संकेत पाठवतात, आणि संवेदनशील डिमर ते दिव्यावर उमटवतात.

४०० वॅटच्या डिमरवर ४०० वॅटचे एलईडी चालतील ना?

नाही. तो आकडा फिलामेंटसाठी आहे. एलईडीच्या आतले कपॅसिटर चालू होताना क्षणभर पुष्कळ प्रवाह ओढतात, आणि दहाबारा दिवे एकदम चालू झाले की ते ओढणं एकत्र येतं. चांगल्या डिमरवर एलईडीसाठी वेगळा, बराच लहान आकडा छापलेला असतो. तो नसेल तर एक दशांश धरा, हा वायरमन मंडळींचा ठोकताळा आहे. म्हणजे ४०० चे ४० वॅट. आजच्या दिव्यांना ४० वॅट म्हणजे काही थोडे नव्हेत.

एकाच बोर्डावर दोनतीन डिमर शेजारीशेजारी बसवले तर प्रत्येकाची क्षमता आणखी कमी धरावी लागते, कारण ते एकमेकांना तापवतात.

डिमर गरम लागतो. हे बरोबर आहे का?

कोमट, हो. ट्रायॅकवर सव्वा ते दीड व्होल्टचा दाब पडतो. दोन अँपिअर वाहत असतील तर दोनतीन वॅट उष्णता भिंतीच्या बंद डबीत साठते. हात ठेववत नसेल, प्लास्टिक पिवळं पडत असेल किंवा वास येत असेल तर मुख्य खटका पाडा आणि वायरमनला बोलवा.

गूं गूं आवाज कुठून येतो?

कान लावून आधी ठरवा, भिंतीतून की दिव्यातून. भिंतीतून येत असेल तर तो डिमरमधल्या चोकचा. वीज एकदम उसळते तेव्हा चोकचं वेटोळं आणि गाभा किंचित थरारतात. दिव्यातून येत असेल तर फिलामेंट स्वतः गात असतो, किंवा एलईडीच्या आतलं वेटोळं. निम्म्या खुंटीवर आवाज सगळ्यात मोठा असतो, कारण लहर तिथे ऐन शिखरावर कापली जाते आणि धक्का सर्वांत जोराचा बसतो. ट्रेलिंग एज डिमर लावला की बहुतेक वेळा शांतता होते.

या चोकचं मूळ काम रेडिओतली खरखर थांबवणं हे आहे. अचानक उसळणारी वीज रेडिओलहरींचा कचरा टाकते. स्वस्त डिमरमध्ये चोक लहान असतो किंवा नसतोच, तेव्हा दिवा मंद केला की मीडियम वेव्हवर बातम्यांऐवजी भुणभुण ऐकू येते.

बटण बंद केलं तरी एलईडी मिणमिणतो, किंवा थोड्या थोड्या वेळाने चमकतो.

भूत नाही, गळती आहे. बटणात अंधारात दिसणारा छोटा निऑन दिवा असेल, तर तो पेटलेला राहतो म्हणजे त्याचा इवलासा प्रवाह तुमच्या एलईडीतूनच जात असतो. एलईडीच्या आतला कपॅसिटर त्यावर थेंबाथेंबाने भरतो, भरला की एकदा चमकतो, पुन्हा भरायला लागतो. इलेक्ट्रॉनिक डिमरही 'बंद' असताना स्वतःला जागं ठेवायला असाच थोडा प्रवाह घेतात. शिवाय लांब अंतर समांतर गेलेल्या तारा एकमेकींना आपोआप थोडी वीज देत असतात. जिन्याच्या दोन बटणांच्या वायरिंगमध्ये हे जास्त दिसतं. दिव्याला समांतर जोडायचा एक छोटा बायपास मिळतो, तो ही गळती पिऊन टाकतो.

खुंटी निम्म्यावर आणली तरी उजेड निम्मा वाटत नाही. डिमर खोटा आहे का?

डिमर नाही, डोळा. आणि डोळाही खोटा नाही, तो हुशार आहे.

डोळ्याला भर उन्हात आणि चांदण्यात, दोन्हीकडे काम करायचं असतं. म्हणून तो प्रकाश जसाच्या तसा मोजत नाही. बाहुली २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत फाकते, आणि त्याहून मोठी तडजोड आत पडद्यावर होते. प्रकाशयोजना करणारे यासाठी एक सोपा हिशेब वापरतात: भासणारा उजेड हा मोजलेल्या उजेडाच्या वर्गमुळाइतका. म्हणजे यंत्राने मोजलेला प्रकाश २५ टक्के असेल तर तो ५० टक्के वाटतो. १० टक्के असेल तर ३२ टक्के वाटतो. १ टक्का असेल तरी १० टक्के असल्याचा भास होतो.

यातून खरेदीची एक गोष्ट निघते. खोक्यावर '१० टक्क्यांपर्यंत मंद होतो' असं असतं, ते वाचायला छान वाटतं. पण तो दिवा डोळ्यांना एक तृतीयांश भरलेलाच दिसणार. सिनेमा बघताना कोपऱ्यात जेमतेम जाणवेल असा उजेड हवा असेल, तर १ टक्क्याच्या आसपास जाणारा दिवा शोधा.

फिलामेंटच्या बल्बने हे सगळं फुकट दिलं होतं. लहर बरोबर मध्यावर कापली तर वीज निम्मी होते, पण तार तेवढी तापत नसल्याने प्रकाश साधारण ३० टक्क्यांवर येतो, आणि तो डोळ्याला निम्म्याच्या आसपास वाटतो. एलईडीत ही गोष्ट मुद्दाम बसवावी लागते. चांगल्या दिव्यात ती बसवलेली असते. स्वस्तात खुंटीच्या पहिल्या बोटभर फिरण्यात सगळा उजेड येतो आणि उरलेलं फिरणं वाया जातं.

डिमरने वीज वाचते का?

एलईडीत वाचते, आणि जवळजवळ प्रमाणात. निम्मा प्रकाश, साधारण निम्मी वीज. एलईडी कमी प्रवाहावर थोडा जास्त कार्यक्षम होतो, पण आतल्या सर्किटचा खर्च तेवढाच राहत असल्यामुळे अगदी तळाला हा फायदा संपतो.

फिलामेंटमध्ये वाचते, पण फसवी. लहर कापून दिव्याला मिळणारा परिणामी दाब १० टक्के कमी केला तर वीज सुमारे १५ टक्के वाचते आणि प्रकाश मात्र ३० टक्के जातो. १०० वॅटचा बल्ब कायम मंद ठेवून वापरण्यापेक्षा मुळातच लहान बल्ब लावणं शहाणपणाचं.

आणि आयुष्य? डिमरमुळे दिवा जास्त टिकतो का?

फिलामेंट, नक्कीच. वरच्याच उदाहरणात १० टक्के कमी दाबावर आयुष्य तिपटीहून जास्त होतं, कारण तारेवरचं टंगस्टन उडून जाण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो. शिवाय थंड तारेचा रोध फार कमी असतो. बटण दाबताक्षणी ती नेहमीच्या दहापंधरा पट प्रवाह ओढते, म्हणून बल्ब बहुधा लावतानाच उडतात. हळूहळू उजेड वाढवणारा डिमर हा धक्का टाळतो.

हॅलोजनबद्दल एक शंका नेहमी येते. त्यात उडालेलं टंगस्टन पुन्हा तारेवर आणून बसवणारी रासायनिक साखळी असते आणि ती चालायला काच २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली लागते. मग मंद केल्यावर ती बंद पडून दिवा लवकर जात नाही का? सहसा नाही. तार थंड असली की टंगस्टन मुळात उडतंच कमी. काच काळवंडलेली दिसली तर अधूनमधून पूर्ण प्रखर लावा.

एलईडीला उष्णता मारते, म्हणून मंद वापरलेला एलईडी गार राहतो आणि टिकतो. अट एकच, डिमर त्याच्याशी जुळणारा हवा.

बल्ब मंद केला की सोनेरी व्हायचा. एलईडी मंद केला तरी तसाच पांढरट राहतो, उदास वाटतं.

तुमचं निरीक्षण अचूक आहे. पूर्ण तापलेल्या फिलामेंटचा रंग साधारण २७०० केल्व्हिनचा (हे रंग मोजायचं एकक, आकडा जितका लहान तितका रंग पिवळसर), मंद केला की तो १८०० च्या आसपास, म्हणजे मेणबत्तीच्या जवळ येतो. एलईडीचा रंग त्याच्या आतल्या फॉस्फरने, म्हणजे रंग देणाऱ्या लेपाने ठरतो, प्रवाहाने नाही. त्यामुळे प्रकाश कमी होतो, ऊब येत नाही. कमी उजेडात थंड रंग माणसाला राखाडी वाटतो, हे निरीक्षण कृइथॉफ या डच भौतिकशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडलं होतं. त्याच्या आलेखावर पुढे बरेच आक्षेप आले, पण संध्याकाळी मंद पांढऱ्या दिव्याखाली बसलेल्या कुणालाही मुद्दा पटतो.

उपाय आहे. 'वॉर्म डिम' किंवा 'डिम टू वॉर्म' या नावाचे दिवे मिळतात. त्यांत दोन रंगांचे एलईडी असतात आणि मंद होताना पिवळसर एलईडींचा वाटा वाढत जातो. बसायच्या आणि झोपायच्या खोलीसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

झोपण्याआधी किती मंद करावं?

डोळ्यात प्रकाशाने थेट चेतणाऱ्या काही पेशी असतात. त्या पाहण्यासाठी नाहीत, शरीराचं घड्याळ लावण्यासाठी आहेत, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक दाद देतात. या विषयातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एकत्र येऊन शिफारस केली, की झोपेच्या तीन तास आधीपासून डोळ्यांपाशी पोचणारा प्रकाश १० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत असावा आणि झोपेत १ लक्सच्या आत. हे लक्स निळ्या भागाला जास्त वजन देऊन मोजलेले आहेत. म्हणून मंद आणि पिवळा अशा दोन्ही गोष्टी लागतात. निव्वळ मंद पांढरा दिवा अर्धंच काम करतो.

पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावला तर? किंवा डिमर पंख्याला?

दोन्ही नको. पंखा म्हणजे मोटर, वेटोळ्याचा भार. दिव्याच्या डिमरवर तो घुरघुरतो, तापतो आणि शेवटी डिमरला किंवा स्वतःला घेऊन जातो. सॉकेटच्या आधी डिमर बसवणंही तितकंच वाईट. कधीतरी कोणीतरी तिथे चार्जर नाहीतर मिक्सर लावणारच.

ट्यूबलाइट आणि सीएफएल?

साध्या चोकची ट्यूबलाइट घरच्या डिमरवर मंद होत नाही. तिला वेगळा, मंद करता येणारा इलेक्ट्रॉनिक चोक लागतो. सीएफएल बहुतेक डिमेबल नसतात, आणि असतात त्याही समाधान देत नाहीत. पुढे जाऊ.

एलईडी पट्ट्यांना भिंतीवरचा डिमर का चालत नाही?

पट्टी १२ किंवा २४ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालते, त्यात कापायला लहरच नसते. तिचा डिमर वीजपुरवठ्याच्या, म्हणजे घरच्या विजेपासून ही वीज करून देणाऱ्या डबीच्या पुढे, पट्टीच्या बाजूला बसतो आणि सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा तिला पूर्ण चालू, पूर्ण बंद करत राहतो. चालू वेळेचं प्रमाण म्हणजेच उजेड. भिंतीवरूनच नियंत्रण हवं असेल तर डिमेबल वीजपुरवठा घ्यावा लागतो.

या चालू-बंदची लुकलुक दिसत नाही, मग डोकं का दुखतं?

दिसत नाही म्हणजे पोचत नाही असं नाही. काही लोकांना अशा दिव्याखाली डोळे शिणणं, डोकेदुखी असा त्रास होतो. घरच्या घरी तपासायला पेन्सिल पुरते. दिव्याखाली ती पंख्यासारखी भराभर हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. वेगवेगळ्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा थांबून थांबून पेटतो आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सरकणारे काळे पट्टे दिसतात तेही याचंच लक्षण.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये यावर १७८९ क्रमांकाची शिफारस काढली. १०० हर्ट्झला चढउतार ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी, आणि ३००० हर्ट्झच्या वर कितीही चढउतार असला तरी परिणाम दिसत नाही, असा तिचा सारांश. पट्टीचा डिमर घेताना वारंवारता विचारा. विकणाऱ्याला ती सांगता आली नाही, तर पेन्सिल काढा.

जिन्यात खाली आणि वर, दोन्हीकडे डिमर लावता येतील?

दोन साधे डिमर एकामागोमाग जोडले तर आधीच कापलेली लहर दुसऱ्याला समजत नाही आणि दोघांचा गोंधळ होतो. एका टोकाला डिमर आणि दुसऱ्या टोकाला टू-वे बटण ही सरळ पद्धत आहे. दोन्हीकडून मंद करायचं असेल तर एक मुख्य डिमर आणि त्याला जोडलेली त्याच कंपनीची सहायक बटणं असा संच मिळतो.

स्मार्ट डिमर घेतला, वायरमन म्हणतो बोर्डात न्यूट्रल नाही.

बरोबर म्हणतो. साध्या बटणाला फक्त फेज लागते, न्यूट्रल थेट दिव्याकडे जाते, त्यामुळे अनेक जुन्या बोर्डांत ती नसतेच. स्मार्ट डिमरच्या आतला रेडिओ सतत जागा राहायला न्यूट्रल हवी. बिन-न्यूट्रलचे प्रकार मिळतात, पण ते स्वतःपुरती वीज दिव्यातून झिरपवतात, आणि मग मिणमिणण्याचा वरचा प्रश्न पुन्हा येतो.

स्मार्ट बल्ब असेल तर मात्र भिंतीवर डिमर नकोच. बल्बच्या आत डिमर आहे, त्याला अखंड वीज द्या.

दालनांत आणि नाट्यगृहांत इतके दिवे एकत्र मंद होतात, ते कसं?

तिथे वीज आणि हुकूम वेगळ्या तारांतून जातात. सर्वांत साधी पद्धत ० ते १० व्होल्टची: दोन बारीक तारांवरचा दाब जितका, तितका उजेड. कार्यालयांत 'डाली' चालते, एका जोडीवर ६४ उपकरणं आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. तिच्या २५४ पायऱ्या डोळ्याच्या स्वभावाला धरून आखलेल्या आहेत, तळाला बारीक आणि वर मोठ्या. रंगमंचावर डीएमएक्स ५१२. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगतंत्र संस्थेने ती १९८६ मध्ये ठरवली. एका तारेवर ५१२ वाहिन्या, प्रत्येकीला २५६ पातळ्या. संथ मंदावणाऱ्या एलईडीत या २५६ पायऱ्या डोळ्याला टप्प्याटप्प्याने दिसतात, म्हणून अनेकदा एका दिव्याला दोन वाहिन्या देतात.

मोठ्या संख्येने लहर कापणारे डिमर असले की न्यूट्रल तारेत अनपेक्षित प्रवाह जमतो. तीन फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना संपवतील ही अपेक्षा, पण कापलेल्या लहरींचे काही भाग तिथे संपण्याऐवजी बेरजेने वाढतात. तिथली न्यूट्रल जाड घेतात ती यामुळे.

ट्रायॅक येण्याआधी लोक काय करायचे?

नाटकवाले सगळं करून बसले होते. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ मध्ये पूर्ण विजेची रोषणाई आली. त्याआधी गॅसच्या नळ्यांच्या तोट्या एका टेबलावर आणून माणूस सगळं सभागृह अंधारं-उजेडी करत असे. विजेबरोबर रिओस्टॅट आले: रोधाची मोठी वेटोळी, दिव्यातली वीज अडवून स्वतः तापणारी. काही ठिकाणी तर मिठाच्या पाण्याची भांडी असत. त्यात धातूची पट्टी वरखाली केली की प्रवाह कमीजास्त व्हायचा. पाणी तापायचं, उडायचं, भर घालावी लागायची, आणि उघड्या विजेशेजारी माणूस उभा. पुढे फिरत्या संपर्काचे ट्रान्सफॉर्मर आले, ते खरोखर दाब कमी करायचे, पण घराच्या भिंतीत मावण्यासारखे नव्हते.

मग जनरल इलेक्ट्रिकने १९५७ मध्ये थायरिस्टर आणला, ट्रायॅकच्याच घराण्यातला आधीचा अर्धवाहक खटका. न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा या भौतिकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये राहत्या घरातल्या एका खोलीत त्यावर प्रयोग करून साध्या बटणाच्या डबीत मावेल असा डिमर तयार केला, आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन कंपनी काढली. आपण भिंतीवर फिरवतो ती खुंटी तिथून आली. ती फिलामेंटसाठी आखली होती, हे पुन्हा सांगायला नको.

डिमर स्वतः बसवावा का?

वायरिंग कळत असेल आणि तुमच्याकडच्या नियमांत बसत असेल तर कठीण नाही, पण एक गोष्ट पक्की करा. डिमर 'बंद' म्हणजे वीज तुटली असं नव्हे. इलेक्ट्रॉनिक डिमरमधून बंद असतानाही गळती चालू असते आणि होल्डरवर झटका बसू शकतो. बल्ब बदलतानासुद्धा एमसीबी पाडा आणि टेस्टरने बघा. तारा सोडवण्याआधी जुन्या बटणाचा फोटो काढून ठेवा, कुठल्या तीन तारा होत्या ते नंतर आठवत नाही.

कुठे डिमर बसवूच नये?

भाजी चिरायच्या ओट्यावर, औषधांच्या कपाटापाशी, बाहेर पडायच्या वाटेवरच्या आपत्कालीन दिव्यांना. आणि जिन्यात लावणार असाल तर किमान पातळीची चकती थोडी वरच ठेवा. रात्री कोणीतरी दिवा पार खाली नेऊन झोपतो, आणि पहाटे उठणाऱ्याला शेवटची पायरी दिसत नाही.